रँकिंगचं होर्डिंग बघून फी भरायच्या आधी एवढं करा

जून लागला की सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत सगळीकडं कॉलेजांची होर्डिंग लागतात, आणि गेल्या काही वर्षांत त्या होर्डिंगवरचा एक शब्द मोठा मोठा होत गेलाय, तो म्हणजे रँक. देशात इतकावा, जगात इतकावा, एशियात इतकावा. मी सोलापुरात कॉलेजात शिकवतो, त्यातली सहा वर्षं कॉलेजचे नॅकचे आणि एनआयआरएफचे, म्हणजे ग्रेडचे आणि रँकचे, फॉर्म भरणाऱ्या कमिटीत काढली, त्यामुळं हे आकडे आत कसे तयार होतात ते बघितलंय.

मागच्या वर्षी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारे एक ओळखीचे काका घरी आले. मुलगी बारावी सायन्स, मार्क चांगले, हातात पुण्याकडच्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचं चकचकीत ब्रोशर, त्यावर लिहिलेलं जगात ८०१ ते १०००. म्हणाले, सर, जगात हजाराच्या आत म्हणजे चांगलंच असंल की? गावाकडची दीड एकर विकायची त्यांची तयारी झालेली होती. त्या रात्री ते, त्यांची मुलगी आणि मी असं बसून जे केलं तेच इथं सविस्तर लिहितोय, कारण दरवर्षी तोच प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतं आणि सगळ्यांना नीट वेळ देता येत नाही.

पहिलं काम: कुठली यादी, कुठलं वर्ष, कुठली कॅटेगरी

एक वही घ्या. ज्या कॉलेजचं नाव डोक्यात आहे त्याच्या ऑफिसला फोन लावा आणि एवढंच विचारा की ही रँक कुणी दिली, कुठल्या वर्षाची, आणि कुठल्या गटातली. उत्तर वहीत लिहा. गोल गोल उत्तर आलं तर तेही लिहा.

नॅकची ग्रेड म्हणजे रँक नाही. नॅक ही १९९४ ला सुरू झालेली, बेंगळुरूची संस्था, ती कॉलेजला ए, ए प्लस अशी ग्रेड देत आलीय, तिथं पहिला दुसरा नसतो. एनबीए एकेका कोर्सला मान्यता देतं, अख्ख्या कॉलेजला नाही, म्हणजे मेकॅनिकलला एनबीए असेल आणि तुम्हाला हव्या त्या ब्रँचला नसेल असं होऊ शकतं. आपल्या देशातली रँक म्हणजे एनआयआरएफ, ती केंद्र सरकारनं २०१५ ला जाहीर केली आणि २०१६ ला पहिली यादी आली. त्यात कॉलेज, युनिव्हर्सिटी, इंजिनिअरिंग, फार्मसी, मॅनेजमेंट असे वेगवेगळे गट आहेत, तेव्हा गट न सांगता सांगितलेला नंबर निम्माच खरा.

जगाच्या म्हणून ज्या याद्या चालतात त्यातल्या मोठ्या तीन. सगळ्यात आधी आली शांघायची, २००३ ला, शांघाय जिआओ टोंग युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी केलेली, कारण चीनच्या युनिव्हर्सिट्या अमेरिका युरोपच्या किती मागं आहेत ते त्यांना मोजायचं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ही यादी पोरांना कॉलेज निवडायला मदत व्हावी म्हणून निघालेलीच नव्हती. पुढच्याच वर्षी, २००४ ला, टाइम्स हायर एज्युकेशन हे ब्रिटनचं नियतकालिक (पुढं नुसतं टाइम्स म्हणतो) आणि क्यूएस ही तिथलीच कंपनी यांनी मिळून दुसरी काढली, मग त्यांचं फाटलं आणि २०१० पासून दोघांच्या दोन याद्या झाल्या.

आता ८०१ ते १००० म्हणजे काय? त्या दोनशे संस्थांमध्ये कोण पुढं कोण मागं हे यादीवाले सांगतच नाहीत, सगळ्यांना एका टोपलीत टाकतात, कारण तिथं मार्कांतला फरक इतका बारीक असतो की त्याला अर्थ उरत नाही. आणि टाइम्सच्या यादीत आता दोन हजारांच्या वर संस्था आहेत, त्यामुळं हजाराच्या आत म्हणजे साधारण मधोमध. हे मी त्या काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ ब्रोशरकडं बघत बसले.

अजून एक ठिकाण जिथं माणूस फसतो. टाइम्सवाल्यांची इम्पॅक्ट रँकिंग म्हणून एक वेगळीच यादी असते, संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांवर आधारलेली, म्हणजे पाणी, स्वच्छ ऊर्जा, स्त्री-पुरुष समानता अशा विषयांत संस्था काय करते त्याची. तिथला नंबर होर्डिंगवर नुसता जागतिक रँक म्हणून छापला जातो. म्हणून यादीचं पूर्ण नाव विचारायचं, अर्धं नाही.

दुसरं काम: मार्क कशाला दिलेत ते उघडून बघा

शांघायच्या यादीत १०० पैकी ३० मार्क नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स मेडलला आहेत, १० तिथं शिकून गेलेल्यांना मिळालं असेल तर आणि २० तिथं काम करणाऱ्यांना मिळालं असेल तर. २० मार्क नेचर आणि सायन्स या दोन मासिकांत पेपर आले तर, २० मोठ्या आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये किती पेपर लागले त्याला, २० ज्यांचे पेपर जगात सगळ्यात जास्त उद्धृत होतात असे किती शास्त्रज्ञ आहेत त्याला, आणि उरलेले १० हे सगळं माणशी किती पडतं त्याला. झाले शंभर. वर्गात कोण कसं शिकवतं, प्रॅक्टिकलला मुलाच्या हातात उपकरण येतं का नाही, याला शून्य मार्क.

क्यूएसमध्ये पूर्वी ४० टक्के मार्क प्राध्यापक लोकांच्या मतावर होते, जून २०२३ ला आलेल्या यादीपासून ते ३० केले, आणि कंपन्यांच्या मताला १५. म्हणजे आजही ४५ टक्के भाग हा लोकांना तुमचं नाव ऐकून काय वाटतं यावर. जगभरातल्या प्राध्यापकाला ऑक्सफर्ड माहितीय, आयआयटी बॉम्बे माहितीय, केगावला १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालेली एका जिल्ह्यापुरती युनिव्हर्सिटी त्याच्या कानावर कुठनं जाणार? आपली सोलापूरची युनिव्हर्सिटी, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाची, त्याआधी आपल्या डिग्र्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या यायच्या. वीसबावीस वर्षांच्या संस्थेकडं नोबेलवाले माजी विद्यार्थी कुठून आणायचे. यात कुणाचा दोष नाही, पण ही पट्टी आपल्यासाठी बनवलेली नाही एवढं तरी कळलं पाहिजे.

टाइम्सच्या यादीत टीचिंग नावाचा भाग आहे, जवळजवळ ३० टक्क्यांचा, पण त्याच्या आत डोकावलं तर निम्मा परत नावलौकिकाच्या सर्व्हेवर, बाकी शिक्षक किती, पीएचडी किती, उत्पन्न किती.

आपलं एनआयआरएफ त्या मानानं विद्यार्थ्याच्या जवळ आहे. शिक्षण आणि सोयी ३०, संशोधन ३०, पोरं पास होऊन पुढं काय करतात ते २०, मुली, बाहेरच्या राज्यातले आणि आर्थिक सामाजिक दृष्ट्या मागं राहिलेले विद्यार्थी किती सामावले त्याला १०, आणि लोकांच्या मनातली प्रतिमा १०. कॉलेजच्या गटात संशोधनाचं वजन कमी ठेवलंय ते बरोबरच केलंय.

आता वहीत दुसऱ्या पानावर तुमचे स्वतःचे शंभर मार्क वाटा. त्या मुलीनं वाटले ते असे: लॅब आणि शिक्षक ३०, एकूण खर्च २५, नोकरी किंवा पुढचं शिक्षण २०, हॉस्टेलची सुरक्षितता १५, घरी यायला ट्रेन १०. तिच्या आईनं दुसरीकडचे पाच काढून सुरक्षिततेचे २० करायला लावले. एकदा हे लिहिलं की ब्रोशरवरच्या यादीत यातलं काय मोजलंय ते शेजारी टिक करा. तिच्या वहीत एकच टिक पडली, तीही अर्धी.

नंबर वरखाली झाला म्हणजे कॉलेज वरखाली झालं असं नाही

याचं सगळ्यात मोठं उदाहरण मलेशियाचं आहे आणि ते मी दरवर्षी सांगतो. २००४ च्या त्या पहिल्या टाइम्स-क्यूएस यादीत युनिव्हर्सिटी ऑफ मलाया ८९ वी आली. आनंदीआनंद, कॅम्पसमध्ये जगातल्या पहिल्या शंभरात म्हणून बॅनर लागले. पुढच्या वर्षी थेट १६९. देशात गदारोळ, विरोधी पक्षवाले चौकशी आयोग मागायला लागले, कुलगुरूंना मुदतवाढ मिळाली नाही. आणि खरं कारण काय होतं? पहिल्या वर्षी मलेशियातलेच चिनी आणि भारतीय वंशाचे नागरिक परदेशी म्हणून मोजले गेले होते, त्याचे मार्क फुकटात मिळाले होते, दुसऱ्या वर्षी ती चूक दुरुस्त झाली. म्हणजे उद्या कुणी आपल्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या पोरांना परदेशी विद्यार्थी म्हणून मोजलं तर आपलं कॉलेज रातोरात आंतरराष्ट्रीय होईल, तसं. शिकवणं तेच, ग्रंथालय तेच, शिक्षक तेच, आणि एका देशानं त्या एका आकड्यापायी एवढा मनस्ताप करून घेतला.

म्हणून कुठल्याही कॉलेजचा एका वर्षाचा नंबर बघू नका, मागच्या चार वर्षांचे लिहून काढा. एकदम उडी दिसली, वर किंवा खाली, तर आधी यादीचे नियम बदलले का ते बघा. क्यूएसनं जून २०२३ ला मार्कांची वाटणी बदलली तेव्हा कितीतरी संस्था जागच्या जागी बसून वरखाली झाल्या.

आकडे स्वतः कॉलेजनंच भरलेले असतात हेही ध्यानात ठेवा. अमेरिकेत कोलंबिया युनिव्हर्सिटी तिथल्या देशातल्या यादीत २ नंबरला होती, तिच्याच गणिताच्या एका प्राध्यापकानं २०२२ ला भरलेले आकडे तपासून दाखवलं की ते जुळत नाहीत, आणि त्याच वर्षी ती १८ वर आली. एवढी मोठी संस्था. आपल्याकडंही हे प्रेशर कसं असतं ते मी अनुभवलंय, मी होतो त्या एका ठिकाणी वरून निरोप आला होता की विद्यार्थी-शिक्षक रेशो बसत नाही, तर तासिका तत्त्वावरची माणसं रेग्युलरमध्ये धरा. मी त्या कागदावर सही केली नाही आणि पुढच्या वर्षी कमिटीत राहिलो नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ज्यांना रेग्युलरमध्ये दाखवायचं होतं ती माझ्याच विद्यार्थ्यांपैकी दोघं होती आणि त्यांना तासाप्रमाणं पैसे मिळत होते, तेही सहा सहा महिने उशिरा.

यादीपायी देशच्या देश कसे वाकले

हा भाग कॉलेज निवडायला थेट लागत नाही असं वाटेल, पण तुमच्या गावातल्या कॉलेजात शिक्षक का नाहीत याचं एक उत्तर इथं आहे, म्हणून वाचा.

शांघायची यादी आली आणि देशोदेशीच्या सरकारांना धक्का बसला की आपलं नाव वर नाही. चीननं तर आधीपासूनच, १९९५ च्या आणि १९९८ च्या योजनांमधून निवडक युनिव्हर्सिट्यांमध्ये पैसा ओतायला सुरुवात केलेली होती. जर्मनीत सगळ्या युनिव्हर्सिट्या साधारण सारख्या मानायची परंपरा, तिथंही २००५ च्या सुमारास निवडक संस्थांना जादा पैसा देणारी योजना आली. फ्रान्सनं वेगवेगळ्या जुन्या संस्था एकत्र बांधल्या, त्यातून उभी राहिलेली पॅरिस-सॅक्ले २०२० ला शांघायच्या यादीत पहिल्यांदाच दिसली आणि थेट १४ वी. आता तिथले शास्त्रज्ञ रातोरात हुशार झाले नव्हते, आधी ते वेगवेगळ्या पाट्यांखाली मोजले जायचे, आता एका पाटीखाली आले. रशियानं ठरवलं २०२० पर्यंत पाच युनिव्हर्सिट्या पहिल्या शंभरात, २१ संस्था निवडल्या, पैसा दिला, २०२० उजाडलं आणि टार्गेट तसंच राहिलं. जपाननं २०१३ ला ठरवलं दहा वर्षांत दहा, आणि २०२४ च्या टाइम्सच्या यादीत पहिल्या शंभरात त्यांच्या टोकियो आणि क्योटो दोनच. पी हळद अन् हो गोरी, असं संशोधनात होत नाही, लॅब उभी राहायला, पीएचडीच्या दोनतीन पिढ्या घडायला वेळ लागतो.

आपणही मागं राहिलो नाही. इन्स्टिट्यूशन्स ऑफ एमिनन्स नावाची योजना आली, २०१८ च्या जुलैत पहिली सहा नावं जाहीर झाली, त्यात बेंगळुरूची विज्ञान संस्था आयआयएससी, आयआयटी बॉम्बे, आयआयटी दिल्ली होत्या. सरकारी संस्थेला पाच वर्षांत १००० कोटींपर्यंत, आणि अपेक्षा अशी की दहा वर्षांत जगातल्या पहिल्या ५०० त यायचं आणि पुढं शंभरात. मला त्या संस्थांबद्दल राग नाही, आयआयएससीचं काम बघून मान खाली जात नाही तर ताठ होते. पण २०२१-२२ च्या सरकारी सर्वेक्षणात देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षणात होते, आणि त्यातला फार मोठा भाग राज्यांच्या युनिव्हर्सिट्यांत आणि त्यांना जोडलेल्या कॉलेजांत, म्हणजे बार्शी, पंढरपूर, सांगोला, अक्कलकोट इथं शिकतो. त्या पोरांच्या वर्गात सीएचबीवरचा, म्हणजे तासिका तत्त्वावरचा माणूस उभा असतो, ज्याला पुढच्या वर्षी आपण असू का नाही हे माहीत नसतं. नंबर वर न्यायचा म्हटला की पैसा टोकाला जातो, बुंध्याला पाणी कमी पडतं.

दुसरा परिणाम पेपरचा. यादीला पेपर मोजायचे म्हणून संस्था पेपर मागतात, संस्था मागतात म्हणून शिक्षक कुठंही पैसे देऊन पेपर छापून आणतात, शिकवायचा वेळ त्यात जातो. चीनमध्ये हे इतकं वाढलं की २०२० ला तिथल्या सरकारलाच सांगावं लागलं की नुसते पेपर मोजून बढत्या देऊ नका आणि पेपरमागं रोख बक्षीस बंद करा. आणि भाषेचं काय? या याद्या ज्या डेटाबेसवर चालतात त्यातली बहुतेक मासिकं इंग्रजी. आपल्या भागातल्या हातमाग कामगारांवर, विडी वळणाऱ्या बायकांवर, वारीवर, माणदेशातल्या पाण्यावर कुणी मराठीत दहा वर्षं खपून काम केलं तर त्या याद्यांच्या हिशोबी ते जवळपास झालंच नाही. सांगोल्याच्या डाळिंबवाल्याला तेल्या रोगावर उपाय मराठीत समजावून सांगणारा माणूस हवाय, पण त्या समजावण्याला मार्क नाहीत. मला या सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

काही संस्थांनी नकार देऊन बघितला. २०२० ला मुंबई, दिल्ली, मद्रास, कानपूर, खरगपूर, रुरकी, गुवाहाटी या सात आयआयटींनी टाइम्सच्या यादीवर बहिष्कार टाकला, म्हणाले मार्क कसे देता ते आम्हाला पटलेलं नाही. नेदरलँड्सची उट्रेख्ट युनिव्हर्सिटी २०२३ ला बाहेर पडली, स्वित्झर्लंडच्या झ्युरिक युनिव्हर्सिटीनं २०२४ ला तसंच जाहीर केलं. त्यामुळं एखादी चांगली संस्था यादीत दिसली नाही तर ती वाईट आहे असं लगेच धरू नका, तिनं भागच घेतला नसेल.

तिसरं काम: एनआयआरएफची पीडीएफ उघडा

खरं उपयोगाचं काम हे, आणि हे कुणीच करत नाही. एनआयआरएफच्या वेबसाइटवर रँक मिळालेल्या संस्थेच्या नावापुढं तिनं भरून दिलेल्या माहितीची पीडीएफ असते, आणि भाग घेतलेल्या कॉलेजच्या स्वतःच्या वेबसाइटवर पण एनआयआरएफ नावाचं पान असतं. रँक बाजूला ठेवा, ती पीडीएफ मोबाइलवर उतरवून घ्या.

त्यात प्लेसमेंटचा तक्ता असतो. किती जागा, किती मुलं आली, किती वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी, किती जण पुढं शिकायला गेले, आणि मिडियन पगार. मिडियन म्हणजे सगळ्या पगारांना चढत्या क्रमानं उभं केलं की मधोमध जो येतो तो. होर्डिंगवर असतो सगळ्यात मोठा पगार, एका पोराचा. समजा १२० जण आले, ८० वेळेत पास झाले, ३० ला नोकरी लागली आणि मिडियन पगार वर्षाला तीन लाख, तर १२० तल्या ३० ला नोकरी, आणि त्यातल्याही निम्म्यांना तीन लाख किंवा त्याहून कमी. आता चार वर्षांची फी, मेस, हॉस्टेल, जायचं यायचं भाडं सगळं मिळून बेरीज करा आणि शेजारी हा आकडा लिहा. काकांना हे गणित समजावून सांगायची गरज पडली नाही, त्यांनी स्वतःच मांडलं, पिसवर, म्हणजे नगामागं पगार घेणाऱ्या माणसाला हिशोब कुणी शिकवावा लागत नाही.

मग कॉलेजच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या पीडीएफमधली शिक्षकांची यादी बघा. नाव, पद, शिक्षण, अनुभव, रुजू झाल्याची तारीख, रेग्युलर का करारावर. तुमच्या ब्रँचच्या शिक्षकांच्या तारखा बघा. निम्मे लोक मागच्या दोन वर्षांतच आलेले असतील तर जुने का गेले ते विचारायला हवं. पाचसहा नावं वहीत लिहून घ्या, त्यांचं काम आहे पुढं.

फी सवलत मिळणारे विद्यार्थी किती याचाही तक्ता असतो, सरकारकडून किती जणांना मिळाली, संस्थेनं स्वतः किती जणांना दिली. आपल्याकडच्या घरांसाठी हा तक्ता रँकपेक्षा मोठा आहे. ओबीसी, एससी, एनटी, ईडब्ल्यूएस जे लागू असेल त्याची शिष्यवृत्ती त्या संस्थेला लागू आहे का, हे ऑफिसमध्ये लेखी विचारा, काही प्रायव्हेट युनिव्हर्सिट्यांचं गणित साध्या कॉलेजपेक्षा वेगळं असतं आणि ते ॲडमिशन झाल्यावर कळून उपयोग नाही.

परदेशी जायचं असेल तर मात्र नंबर बघाच

इथं मी उलट सांगणार आहे. यादी कितीही लंगडी असली तरी सरकारांनी ती नियमात घालून ठेवलीय, तेव्हा तिच्याकडं पाठ फिरवून चालत नाही. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपला क्यूएसच्या पहिल्या ५०० तली युनिव्हर्सिटी लागते. महाराष्ट्राच्या परदेशी शिष्यवृत्तीलाही क्यूएसची मर्यादा आहे आणि ती मर्यादा बदलत आलीय, म्हणून त्या वर्षीचा जीआर, म्हणजे सरकारी आदेश, हातात घ्या, मागच्या वर्षीच्या पोराचं ऐकून अर्ज करू नका. ब्रिटननं मे २०२२ ला एक व्हिसा काढला, जगातल्या निवडक युनिव्हर्सिटीत शिकलेल्याला नोकरी हातात नसताना तिथं येता येतं, युनिव्हर्सिट्या निवडल्या त्या तीन याद्यांवरून, आणि सुरू झाला तेव्हा त्यात भारतातली एकही नव्हती. नेदरलँड्सही पहिल्या २०० तल्या पदवीधरांना नोकरी शोधायला वर्षभर राहू देतं. म्हणजे कुणाला दार उघडायचं तेही ही यादी ठरवते.

आपल्याकडं यूजीसीनंही, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानंही तेच केलंय, २०२२ च्या नियमात परदेशी युनिव्हर्सिटीबरोबर जोड-पदवी द्यायची तर ती टाइम्स किंवा क्यूएसच्या पहिल्या १००० त हवी, आणि २०२३ च्या नियमात भारतात कॅम्पस काढायचा तर साधारणपणे पहिल्या ५०० त. कुणी परदेशी डिग्री इथंच म्हणून सांगत आलं तर हे दोन आकडे विचारा आणि यूजीसीच्या नियमात ते कसं बसतं ते कागदावर दाखवा म्हणा.

चौथं काम: जाऊन या

पुण्याला जाणारी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडा, संध्याकाळी परत या, एका दिवसाचा खर्च होईल पण होऊ द्या. ॲडमिशन काउंटरवर जाऊ नका, तिथं सगळं गोडच मिळतं. आधी कँटीनमध्ये तिसऱ्या चौथ्या वर्षाच्या पोरांजवळ बसा आणि वहीतली ती पाचसहा नावं विचारा, हे सर शिकवायला येतात का. नाव ऐकून पोरं एकमेकांकडं बघायला लागली तर तिथंच तुम्हाला कळेल. मग लॅब बघा, उपकरणांवर कव्हर आहे का वापराच्या खुणा आहेत. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं. मुलींच्या हॉस्टेलच्या रेक्टर बाईंना भेटा, आईला सोबत न्या, आया जे प्रश्न विचारतात ते आपल्याला सुचत नाहीत. आणि हेच सगळं सोलापुरातल्या कॉलेजातही करा, घरचं आहे म्हणून सोडू नका. आपल्याकडं दयानंद, संगमेश्वर, वालचंद अशी जुनी नावं आहेत, पण जुनं नाव म्हणजे आजचा वर्ग नव्हे, तुमच्या विषयात आज कोण शिकवतं ते विचारलंच पाहिजे.

आणि हे सगळं कॅप राउंडचा, म्हणजे सरकारच्या एकत्र प्रवेश फेरीचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधल्या रात्री करायला बसू नका, त्या रात्री सर्व्हर पण हँग असतो आणि माणूस पण. निकालानंतर मिळतात ते पंधरावीस दिवस यासाठी वापरा.

त्या मुलीच्या वहीत शेवटी चार कॉलेजं उरली, दोन पुण्याची, दोन इथली. ब्रोशरवालं त्यात नव्हतं. तिला दुसऱ्या राउंडला इथलंच मिळालं, सिटी बसनं जाते, दीड एकर आहे तिथंच आहे. वही माझ्याकडं राहिली होती, परवा काका फोन करून म्हणाले ठेवा जपून, यंदा धाकट्याची बारावी झालीय, रविवारी त्याला घेऊन येतो.